पाच चाळीसचा नवा पाहुणा

रविवार, ११ जानेवारी

पूर्वानं ही डायरी दिली आणि म्हणाली, "आत्या, आता साइट सुरू केलीयस तर रोजचं लिहीत जा." रोज काही घडत नाही. घडेल तेव्हा लिहीन. एकोणतीस वर्षं सरकारी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर काढली. आलेला कागद नोंदवायचा, गेलेला कागद नोंदवायचा, मधल्या काळात त्याचं काय झालं ते साहेब जाणे. मला तेवढंच लिहिता येतं.

तर आज नोंद अशी, की मंडळाची साइट एकदाची चालू झाली. आमचं बौद्ध वधू-वर सूचक मंडळ, दांडेकर पुलाजवळच्या विहारामागची खोली, दर रविवारी दहा ते दोन. मी बावीस वर्षं सचिव. आजवर चारशे अकरा लग्नं जुळवली. माझं त्यात नाही. बाबा गेले, त्यांच्या जागी अनुकंपावर लागले, दोन भाऊ शिकवले, त्यांची लग्नं केली, आणि मान वर करून बघितलं तर पंचावन्न पूर्ण. याचं मला दुःख नाही. नातेवाइकांना फार आहे.

साइट काढायचं कारण गेल्या वर्षीची परिचय पुस्तिका. कोणा नालायकानं तिच्या झेरॉक्स काढून वाटल्या. मुलींना नको नको ते फोन आले. एकीनं नंबर बदलला, एकीनं मंडळातून नावच काढून घेतलं. म्हणून आता सगळं पासवर्डच्या आत. तीनशे बारा मुलामुलींच्या पालकांना मी सहीनिशी लिहून दिलंय की फोटो बाहेर जाणार नाही, गेला तर जबाबदार मी. अध्यक्ष उत्तरेश्वर वाघमारे चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "ताई, एक फोटो जरी फुटला, तर साइट बंद, पुस्तिका चालू आणि सचिव नवा." आणि कप परत उचलला.

लोकांना साइट वापरता यावी म्हणून मी पंधरा मिनिटांचा वर्गही सुरू केला, 'ब्राउझरच्या लपलेल्या खुबी'. पूर्वाकडून मी शनिवारी शिकायचं आणि रविवारी जन्मापासून येत असल्यासारखं शिकवायचं. चुकून बंद झालेलं पान परत कसं आणायचं ते दाखवलं, तर वाघमारे साहेबांनी टाळ्या वाजवल्या आणि दिवाळीत बंद झालेलं एक पान येईल का विचारलं. मग रीडर मोड दाखवला. एक बटण दाबलं की जाहिराती पळतात आणि अक्षर टपोरं होतं. शेवटी खाजगी खिडकी, म्हणजे ते काळं पान उघडतं ती. मी ठासून सांगितलं, "इथून बघितलेलं कुणाला म्हणजे कुणाला कळत नाही."

दशरथ साळवे यांनी हात वर केला. हे खडकीच्या कारखान्यातून निवृत्त, राहायला बोपोडीला, पत्नीला जाऊन सात वर्षं झाली. चार वर्षांपूर्वी त्यांच्या निकिताचं लग्न मंडळातून जुळलं, तेव्हापासून दर रविवारी येतात आणि बायोडेटा टाइप करतात. टायपिंगमध्ये चूक नसते आणि बोलण्यात वाक्य नसतं. अख्खं मंडळ मला ताई म्हणतं, मुलंमुली मावशी म्हणतात, हे एकटे मॅडम म्हणतात. कारखान्याची सवय, दुसरं काय.

"मॅडम, ज्याचं पान बघतो, त्यालासुद्धा कळत नाही?"

"त्याला तर मुळीच नाही."

"नक्की?"

"साळवे, मी सांगतेय ना!"

त्यांनी ते वहीत उतरवून घेतलं. वर्गात वही आणणारा हा एकच विद्यार्थी.

मंगळवार, १३ जानेवारी

पूर्वा खराडीला कंपनीत आहे आणि लहानपणापासून माझ्याकडेच कोथरूडला राहते. काल घरी आल्यावर तिनं साइटला एक मोजणीची सोय लावून दिली. कोण आलं, कधी आलं, कोणत्या फोनवरून, कोणतं पान उघडलं, किती वेळ थांबलं, सगळं दिसतं. सभासद आत आला तर त्याचा क्रमांकसुद्धा दिसतो. मी बघतच राहिले. हे तर आवक-जावक रजिस्टर! फक्त यात शिपाई सही करायला विसरत नाही.

फेब्रुवारीतल्या वधू-वर मेळाव्याच्या फलकासाठी काल एका दुकानाच्या साइटवर शेरवानीचं चित्र शोधलं होतं. तेव्हापासून बातम्या उघडा, शेरवानी. पावभाजीची कृती उघडा, शेरवानी. पूर्वा म्हणाली, याला ट्रॅकिंग म्हणतात, ते आपल्यामागे फिरतात. छप्पन्नावं चालू आहे, आजवर कोणी मागे लागलं नाही. लागली ती शेरवानी, तीही मरून रंगाची.

शुक्रवार, १६ जानेवारी

साइटवर कोणीतरी संशयास्पद येतंय.

रोज पहाटे पाच चाळीसला येतो. सभासद म्हणून आत जात नाही. बाहेरून फक्त कार्यकारिणीत जातो आणि तिथं एकच पान उघडतो, माझं. 'शालन ओव्हाळ, सचिव' असं वर लिहिलंय आणि खाली फोटो. तोही मला न आवडणारा. साळवे माइक चालू आहे हे विसरून माइकलाच "जरा गप बस की रे बाबा" म्हणाले आणि मी खो-खो हसले, नेमका तेव्हा पूर्वानं काढला. दात दिसतात. या पानावर तो माणूस चार-पाच मिनिटं थांबतो आणि जातो.

नवल असं की रजिस्टर त्याला रोज 'नवा पाहुणा' म्हणतं, पण फोन रोज तोच जुना मॉडेल, नेट तेच, वेळ तीच. बाकीचे दुसऱ्यांदा आले की 'जुना पाहुणा' होतात.

वाघमारे साहेबांना फोन केला. ते म्हणाले, "रेकी करतोय तो. सचिवाकडे पासवर्ड असतो ना, म्हणून सचिवावर डोळा." अंगावर काटा आला. पूर्वाला सांगितलं तर ती पोळी तोंडात तशीच ठेवून माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "तुझ्याच पानावर? रोज? फोटोपाशी थांबतो?" मी म्हटलं, हसण्यासारखं काय आहे, तीनशे बारा मुलांचा प्रश्न आहे. ती आत जाऊन हसली. नव्या पिढीला गांभीर्य नाही.

पासवर्ड बदलला. नवा इतका अवघड ठेवलाय की मलाच दोनदा बाहेर राहावं लागलं.

रविवार, १८ जानेवारी

मंडळात पंचवीस फॉर्म जमा झाले. साळवे म्हणाले की उद्या त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे, चार दिवस फोनकडे बघायला बंदी आहे, टायपिंगला उशीर होईल. मी म्हटलं, डोळा आधी, मग टायपिंग. "चार दिवस फार होतात, मॅडम," म्हणाले. कामाची एवढी काळजी आमच्या कचेरीत एकालाही नव्हती.

शुक्रवार, २३ जानेवारी

सोमवार ते गुरुवार चोर फिरकला नाही. मला वाटलं पासवर्डला घाबरला. वाघमारे साहेबांना पेढे आणते असं सांगून बसले. आज पाच चाळीसला महाशय पुन्हा हजर! आणि आज चक्क अकरा मिनिटं थांबला. चार दिवसांची थकबाकी वसूल करत असावा.

पेढे रद्द.

शुक्रवार, ३० जानेवारी

बुधवारपासून ताप. पूर्वानं रजा काढली आणि मला दोन दिवस अंथरुणात कोंडलं. मंडळाच्या ग्रुपवर तिनंच कळवलं की आत्या आजारी आहे.

काल साळवे बोपोडीहून दोन बस बदलून मोसंबी घेऊन आले. ऑपरेशनचा काळा चष्मा लावून, हेरासारखे. आत या म्हटलं तर आले नाहीत, दारातच उभे राहून पूर्वाला ताप किती, डॉक्टर कोण, जेवण जातं का, सगळं विचारलं. पूर्वा म्हणाली, "काका, बसा ना, आत्या जागी आहे." तर म्हणे, "नको, चौकशी झाली." मोसंबी उत्तम होती. एकही आंबट निघाली नाही. हाताला पारख आहे माणसाच्या.

आज अंगात जरा बळ आल्यावर रजिस्टर उघडलं आणि हादरले. या दोन दिवसांत चोर नऊ वेळा येऊन गेला! नऊ! सचिव आजारी आहे, मंडळ बेसावध आहे, हे त्याला कसं कळलं? म्हणजे आपल्या ग्रुपवरच कोणीतरी फितूर आहे. कोणावरही विश्वास ठेवायची सोय राहिली नाही.

पूर्वाला सांगितलं. ती माझ्या कपाळाला हात लावून म्हणाली, "ताप नाहीये, आत्या. काखेत कळसा नि गावाला वळसा, अशी तुझी गत आहे." आता यात कळसा कुठून आला? विचारलं तर मोसंबी सोलत बसली.

रविवार, १ फेब्रुवारी

आज माझ्या हातून एक वाईट गोष्ट झाली. लिहायला नको वाटतंय, म्हणून लिहिते.

चोराच्या पाळतीवर असताना रजिस्टरात दुसरंच एक दिसलं होतं. सभासद ११८ यानं सभासद २०३ चं पान सतरा वेळा उघडलं. ११८ म्हणजे अभिनव रामटेके, मूळ भंडाऱ्याचा, पूर्वासारखाच खराडीला नोकरी. २०३ म्हणजे राजनंदिनी, शिक्षिका, गुणी मुलगी. मला काय तो आनंद! आज त्याला खोलीत सगळ्यांसमोर म्हटलं, "काय रे अभिनव, सतरा वेळा बघितलंस, अठराव्यांदा बोलायला मुहूर्त काढायचा का?" खोली हसली. वाघमारे साहेब सगळ्यात मोठ्यांदा हसले.

पोराचा चेहरा पांढरा पडला. बाहेर व्हरांड्यात जाऊन मला म्हणाला, "मावशी, मी बघत होतो. सांगितलं नव्हतं. सांगायचं की नाही ते अजून ठरवत होतो ना."

एकोणतीस वर्षांत 'गोपनीय' शिक्का असलेलं एक पाकीट मी उघडलं नाही. साहेबांच्या घटस्फोटाची नोटीस माझ्या टेबलावरून गेली, मी नोंद केली आणि पुढे पाठवली, कचेरीला कळलं ते सहा महिन्यांनी आणि तेही साहेबांकडूनच. आणि आज तीनशे बारा पोरांची पाकिटं उघडी घालून बसलेय, वर वाचून दाखवतेय. पुस्तिकेची झेरॉक्स काढणारा आणि मी, फरक काय राहिला?

अभिनवची हात जोडून माफी मागितली. "मावशी, हात नका जोडू," म्हणाला. पण मेळाव्याला येईन असं काही म्हणाला नाही.

मंगळवार, ३ फेब्रुवारी

पूर्वाला म्हटलं, ही मोजणी काढून टाक. मग लगेच म्हटलं, थांब, चोर सापडेपर्यंत राहू दे. सभासदांचे क्रमांक मात्र तिनं आजच झाकले. आता कोण कोणाला बघतं ते मला दिसत नाही. बरं वाटलं.

मग तिला विचारलं की हा एकच माणूस रोज नवा पाहुणा कसा होतो. म्हणाली, "खाजगी खिडकीतून येतो म्हणून. ती खिडकी बंद केली की त्याच्या फोनवरची ओळख पुसली जाते, त्यामुळे पुढच्या वेळी साइटला तो नवा वाटतो. पण तो आला होता, हे साइटला दिसतंच. खाजगी खिडकी फक्त स्वतःच्या फोनपासून लपवते, समोरच्यापासून नाही."

"पण मी तर वर्गात सांगितलं की कुणालाच कळत नाही!"

"मला विचारलं होतंस का?"

नव्हतं विचारलं. शनिवारी लग्नाला गेले होते आणि रविवारी अंदाजानं ठोकून दिलं. उचलली जीभ लावली टाळ्याला. माझ्या भरवशावर लोक काय काय बघत असतील! मेळाव्यात सगळ्यांसमोर चूक सुधारणार. चूक झाली तर शुद्धिपत्रक काढायचं, हा नियम आहे.

रविवार, ८ फेब्रुवारी

मेळावा झाला! माझे पाय सुजलेत आणि मी फार खूश आहे.

साडेचारशे लोक आले. वंदना झाली, वाघमारे साहेबांचं भाषण फक्त अर्धा तास चाललं. आणि अभिनव आला. आपला नंबर आल्यावर माइकवर स्वतःची माहिती सांगितली आणि शेवटी म्हणाला, "मला राजनंदिनीशी बोलायचंय. त्यांची हरकत नसेल तर. आणि हे मी स्वतः सांगतोय." माझ्याकडे बघून हसला. राजनंदिनी तिसऱ्या रांगेतून उठून म्हणाली, "बोलू या. पण आधी जेवू, मी सकाळपासून उपाशी आहे." अख्ख्या सभागृहानं टाळ्या वाजवल्या. दोघं जिलबीच्या टेबलापाशी दीड तास बोलत होती. मी लांब राहिले. फार कष्ट पडले लांब राहायला.

जेवणाआधी मी शुद्धिपत्रक वाचलं. "खाजगी खिडकीबद्दल मी चुकीचं शिकवलं, माफी असावी. तिथून बघितलं तरी साइटवाल्याला दिसतं. आपल्या साइटवर सुद्धा दिसतं. उदाहरणार्थ, एक इसम रोज पहाटे पाच चाळीसला येतो, हे मला माहीत आहे. त्यानं सावध व्हावं."

मागे ठाणकन आवाज झाला. साळवे यांच्या हातून स्टीलचा जग पडला, पाणी सगळं पायावर. त्यांचा चेहरा बघवेना. मी धावत जाऊन म्हटलं, बीपीची गोळी घेतलीत का? "मला बरं वाटत नाहीये, मॅडम," म्हणाले आणि न जेवता गेले. जिलबी त्यांनीच ठरवली होती, तीही खाल्ली नाही. ऑपरेशननंतर इतकी धावपळ करायला नको होती. मीच त्यांना खुर्च्या मोजायला लावलं.

गुरुवार, १२ फेब्रुवारी

सोमवारपासून चोर बंद. चार दिवस झाले, एकदाही नाही. वाघमारे साहेबांनी फोनवर अभिनंदन केलं. "ताई, तुमच्या एका भाषणानं पळाला!" साइट राहिली, सचिव राहिली, सगळं राहिलं.

आज पाच पस्तीसला जाग आली. उगाच रजिस्टर उघडून बसले. पाच चाळीस झाले, पंचेचाळीस झाले. कोणी नाही. आनंद व्हायला हवा होता. नाही झाला. पंधरा-वीस दिवस रोज पहाटे कोणीतरी आपल्यासाठी येत होतं, चोर का असेना. वेडेपणा आहे हा. पूर्वाला सांगणार नाही.

रविवार, १५ फेब्रुवारी

साळवे आले नाहीत. चार वर्षांत, ऑपरेशनच्या आठवड्यातसुद्धा, एक रविवार चुकला नव्हता. झालेलं टायपिंग निकिताच्या हाती पाठवलं आणि चिठ्ठी, 'पाठ दुखते, काही दिवस जमणार नाही. क्षमस्व.' निकिताला विचारलं, पाठ फार दुखते का? ती म्हणाली, "पाठ? काल तर पप्पांनी माळ्यावरची टाकी खाली उतरवली." मग जीभ चावली.

त्यांच्या खुर्चीवर आज वाघमारे साहेब बसले आणि दिवसभर बोलत राहिले. खोली भरलेली होती, पण मला मात्र चुकल्यासारखं वाटत राहिलं. माइक बिघडला, तर त्याला "गप बस की रे बाबा" म्हणणारं कोणी नव्हतं.

मंगळवार, १७ फेब्रुवारी

संध्याकाळी पूर्वा चहा घेऊन समोर बसली आणि म्हणाली, "आत्या, आवक-जावकवाली ना तू? तो कधी आला ते महिनाभर बघत बसलीस. कधी आला नाही ते बघितलंस का?"

कचेरीत हे मीच नव्या पोरांना शिकवायचे. हरवलेला कागद शोधताना आलेल्या नोंदी बघायच्या नसतात, न आलेल्या बघायच्या. कागद घेतला, तारखा लिहिल्या. १९ ते २२ जानेवारी नाही. ९ फेब्रुवारीपासून नाही. २८ ते ३० जानेवारी नऊ वेळा.

एकोणीस ते बावीस. चार दिवस फोनकडे बघायला बंदी. चार दिवस फार होतात, मॅडम.

चहा उतू गेला असता, पण तो कपात होता म्हणून नुसता गार झाला. मी पूर्वाकडे बघितलं. ती म्हणाली, "मला सोळा जानेवारीलाच कळलं होतं. पाच चाळीसला उठणारं, तो फोन वापरणारं आपल्या मंडळात दुसरं आहे कोण?" आधी का नाही सांगितलंस म्हटलं, तर म्हणाली, "त्यांनी सांगितलं नव्हतं ना, मी कशी सांगू?" हिला मीच वाढवलंय.

मला आधी लाज वाटली. साडेचारशे माणसांसमोर मी त्यांना इसम म्हटलं. सावध व्हा म्हटलं. मग मात्र आनंद झाला. खरं तेच लिहिते, खूप आनंद झाला. दात दिसणाऱ्या त्या फोटोसमोर एक माणूस अकरा मिनिटं थांबला होता. मी आरशासमोर सुद्धा इतकी थांबत नाही.

बुधवार, १८ फेब्रुवारी

रात्रभर ठरवत होते. फोन करून 'मला सगळं कळलंय' म्हणायचं? म्हणजे अभिनवला केलं तेच पुन्हा. त्यांनी बघितलं होतं, सांगितलं नव्हतं. सांगायचं की नाही हे त्यांचं त्यांनी ठरवायचं. पण ते ठरवून बसलेत की आता तोंड दाखवायचं नाही. आणि दार बंद मी केलंय, तर उघडायचं मीच.

सकाळी पूर्वाला म्हटलं, मोजणी समूळ काढ, जुन्या नोंदीसकट. तिनं दोनदा विचारलं, मी दोनदा हो म्हटलं. सगळं पुसलं. वाघमारे साहेब फोनवर म्हणाले, "अहो, पण तो चोर?" मी म्हटलं, तो सभ्य माणूस होता, जबाबदारी माझी, लिहून देते. ते म्हणाले, तुम्ही लिहून फार देता.

शनिवार, २१ फेब्रुवारी

मंडळाचा कोरा फॉर्म घेतला. हजारो वेळा दुसऱ्यांचा तपासलाय. नाव, शालन मारुती ओव्हाळ. जन्मतारीख खरी लिहिली. उंची पाच फूट एक. शिक्षण, बी.ए. बाहेरून. 'कौटुंबिक माहिती' पाशी पूर्वाचं नाव लिहिलं आणि ती खुर्चीमागे उभी आहे हे तेव्हा कळलं. माझ्या खांद्यावर हनुवटी ठेवून उभी राहिली. 'जोडीदाराबद्दल अपेक्षा' या रकान्यापाशी पाऊण तास गेला. शेवटी एकच ओळ लिहिली. 'ताई म्हणू नये.'

दुपारी बोपोडीला गेले. साळवे यांनी दार उघडलं आणि मला बघून बंदच करणार होते, पण सभ्यता आडवी आली. पाठ एकदम ताठ होती.

"मॅडम, मी... त्या दिवशी..."

"पाठ कशी आहे?"

"बरी आहे."

"मग काम घ्या. टायपिंग खोळंबलंय. तीन फॉर्म आहेत." पाकीट हातात दिलं. "आणि हो, साइटवरची मोजणी काढून टाकली. जुनं सगळं पुसलं. आता कोण येतं, काय बघतं, कुणालाच कळत नाही. मलासुद्धा नाही. या वेळी पूर्वाला विचारून सांगतेय."

त्यांनी पाकिटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. पाणी विचारायचंही विसरले. मी जिना उतरले आणि बस येईपर्यंत स्टॉपवर उगाचच हसत उभी राहिले. शेजारच्या बाई जरा सरकून उभ्या राहिल्या.

गुरुवार, २६ फेब्रुवारी

पाच दिवस झाले. फोन नाही, निरोप नाही. फॉर्म दिल्यावर स्थळाकडून उत्तर येईपर्यंत मुली दिवसातून तीनदा मला फोन करतात, आणि मी त्यांना "धीर धर गं" म्हणून रागावते. यापुढे रागावणार नाही. रजिस्टर बघावं म्हटलं तर तेही मीच पुसलंय. आता बसा वाट बघत.

रविवार, १ मार्च

आज साडेनऊला विहार उघडायला गेले तर साळवे आधीच पायरीवर बसलेले. इस्त्रीचा शर्ट. नव्या नंबरचा चष्मा, काळा नव्हे. जयभीम केला, मीही केला. खोली उघडली. खुर्च्या लावल्या. पंखा लावला. दोघांचंही काम संपल्यावर मग बोलणं भाग पडलं.

"दोन बायोडेटा टाइप करून साइटवर चढवले, मॅडम."

"आणि तिसरा?"

"टाइप केला. चढवला नाही."

"का? चूक आहे काही?"

"चूक नाही." त्यांनी पिशवीतून कागद काढला, प्लॅस्टिकच्या कव्हरात घातलेला. माझाच. "स्थळ जुळलं की त्याच दिवशी बायोडेटा साइटवरून काढायचा, असा आपला नियम आहे. चढवायचा आणि लगेच काढायचा, दुप्पट काम कशाला?"

चार वर्षांतलं हे त्यांचं सगळ्यात मोठं वाक्य. मला हसू आलं, पण बावीस वर्षांची सचिव एवढ्यात हरत नाही. मी म्हटलं, "साळवे, जुळलं हे एकट्यानं कोणी ठरवायचं नसतं. दोन्ही बाजूंचा होकार लागतो."

"माझा आहे," ते म्हणाले. "सहा महिन्यांपासून आहे. दुसरा तुमच्याकडून यायचाय, शालन."

बाहेर वाघमारे साहेबांची स्कूटर थांबली. आता ते येणार, चहा मागणार आणि दोन वाजेपर्यंत बोलणार. माझ्याकडे अर्धं मिनिट होतं. बावीस वर्षं मी मुलींना सांगत आलेय, मान खाली घालून नुसतं हसू नका, आयुष्याचा प्रश्न आहे, तोंडानं सांगा. मी मान खाली घालून हसले. मग वर बघितलं आणि तोंडानं सांगितलं.